धर्मकाट्याचा सोर्स कोड

खैरलांजीच्या राईस मिलमध्ये धान विकायला गेलेल्या शालिकरामचा उजवा डोळा गेला. आपण एक फाईल उघडी ठेवली म्हणून तो गेला, असं अपेक्षा मनोमन मानत होती.

बालाघाटच्या बस स्टँडमागे तिचं एका शटरचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मिलांच्या धर्मकाट्यांसाठी, म्हणजे गाड्या तोलायच्या मोठ्या वजनकाट्यांसाठी, तिने प्रोग्राम लिहिला होता. धानाची ट्रॉली काट्यावर चढली की त्यातून वजनाची पावती निघायची. सुरुवातीला तिने तो जसा लिहिला तसाच, कुणालाही वाचता येईल असा, मिलच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. मिलमालक गजेंद्रसेठच्या माणसाने तो उघडून एक ओळ बदलली आणि क्विंटलमागे दोन किलो धान गायब व्हायला लागलं. शालिकरामने आपली तीच ट्रॉली दुसऱ्या काट्यावर तोलून आणली आणि मिलच्या फाटकात आरडाओरड केली. सेठच्या माणसांनी त्याला फावड्याच्या दांड्याने फोडून काढलं.

त्यानंतर अपेक्षाने दुरुस्तीच्या नावाखाली जुनी फाईल पुसली आणि नवी टाकली. ही फक्त यंत्राला कळणारी, बंद फाईल होती. तिच्यावर अपेक्षाची डिजिटल सही होती. आतलं एक अक्षर बदललं तरी प्रोग्राम सुरूच होत नसे. मूळ कोड तेवढा तिच्या लॅपटॉपमध्ये, पासवर्डमागे.

डिसेंबरात धानाची आवक वाढली, तशी एका दुपारी गजेंद्रसेठ दोन माणसं घेऊन दुकानात शिरला. एकाने शटर अर्धं खाली ओढलं.

"सोर्स कोड दे, अपेक्षा. काट्यात थोडी सेटिंग करनी है."

"कोड कोणालेच देत नाही मी, सेठ."

"माह्या मिलमधला प्रोग्राम माहाच ना?"

"चालवाले तुमचा हाय, बदलाले नाही. शालिकरामभाऊचा डोळा पाहून या एकदा."

सेठची थप्पड अशी बसली की तिचं कपाळ प्रिंटरच्या कडेवर आपटलं. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. सेठने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. एका माणसाने तिचं मनगट धरून बोटं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये घातली. दुसऱ्याने ड्रॉवरला लाथ मारली.

हाड मोडल्याचा आवाज तिला वेदनेच्या आधी ऐकू आला.

"बोल."

दुसरी लाथ बसली. तिसऱ्या लाथेसाठी पाय उचलला गेला, तेव्हा तिच्या तोंडून पासवर्डची पहिली दोन अक्षरं निघालीसुद्धा.

तेवढ्यात तिची आई पुष्पलता जेवणाचा डबा घेऊन वाकून शटरखालून आत आली. तिने ड्रॉवर पाहिला, लेकीची बोटं पाहिली. डबा ठेवला आणि कोपऱ्यातली शटर ओढायची लोखंडी सळई उचलली. पहिला घाव लाथ मारणाऱ्याच्या गुडघ्यावर. तो कोसळला. दुसरा सेठच्या जबड्यावर; दात फरशीवर सांडले. मनगट धरणारा शटरखालून पळाला. सेठ खाली पडल्यावरही पुष्पलता मारतच राहिली, खांद्यावर, बरगड्यांवर. शेवटी स्टँडवरच्या लोकांनी तिच्या हातातून सळई हिसकावली.

गुन्हे दोन्ही बाजूंवर दाखल झाले. सेठ महिनाभर नळीने जेवला. पुष्पलता अकरा दिवस कोठडीत राहून जामिनावर सुटली आणि घरी न जाता थेट दवाखान्यात आली. अपेक्षाच्या दोन बोटांत तारा घातल्या होत्या. ती बोटं आता वाकणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आई, मी सांगूनच राह्यली होती," अपेक्षा म्हणाली. "दोन अक्षरं तर सांगतलीही होती."

"मंग पुरं सांगून टाकाचं होतं ना! बोटाहून मोठं हाय का थे?"

अपेक्षाने तारा घातलेला हात चादरीखाली सरकवला.

"काहून नाही बोलत?"

"मोठं नाही वाटत, आई. पण देववत नाही."

पुष्पलताने तिच्या भुवईवरची टाक्यांची खूण पाहिली. मग उठून ती नर्सला विचारायला गेली, पोरीला आज भात खायला चालेल का.