लाल ठिपक्याची दुर्बीण

“ताई, दुर्बिणीला काही धाड भरलेली नाही. काकांचे डोळे एकदा दाखवून घ्या.”

पाणथळीच्या राखणदाराने हे सांगितलं तेव्हा ताई एका हाताने बाबागाडी ढकलत होती आणि दुसऱ्या हाताने पिलूची टोपी सारखी करत होती. ती हसली.

“अहो, बाबांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. त्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही, पक्षी कसला सुटतोय? दुर्बीणच म्हातारी झालीय.”

ती म्हातारी दुर्बीण म्हणजे मी. मित्रांनो, त्या वेळी मी काकांच्या गळ्यातच होते आणि सगळं ऐकत होते. मला डोळे दोन आहेत, पण तोंड नाही. असतं तर तिथल्या तिथे बोलले असते. कारण राखणदाराला ज्याची नुसती शंका होती, ते मला पक्कं ठाऊक होतं. ते कसं, हे कळायला माझी हकीकत पहिल्यापासून ऐकावी लागेल.

माझा जन्म एका लांबट, गार खोलीत झाला. धूळ येऊ नये म्हणून तिथल्या खिडक्या कायम बंद असत आणि दिवसभर काच घासल्याचा आवाज चाले. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायच्या. त्यांनी मला डोळ्यांना लावलं, समोरच्या भिंतीवरचा बारीक अक्षरांचा कागद वाचला आणि “ही जाऊ दे” एवढंच म्हणाल्या. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

दुकानातून मला घेऊन गेले ते काका आणि काकू. त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. दुकानदार म्हणाला, “दोघांनाही पक्ष्यांचा नाद आहे, तर दोन घ्या की!” काकूंनी मान हलवली. “एकच पुरे. दोन घेतल्या तर हे माझ्याशी बोलणार कधी?”

त्या एकीवर त्यांनी पस्तीस वर्षं काढली. दर रविवारी सकाळी आम्ही पाणथळीवर जात असू. काठावर एक लाकडी खोपटं आहे. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून आत बसायचं आणि फटीतून बघायचं. त्याला सगळे ‘लपण’ म्हणतात. लपणात बाकावर उजवीकडे काका, डावीकडे काकू आणि मधे खाऊचा डबा. काका दोन मिनिटं बघायचे की काकूंचा हात पुढे यायचाच. “माझी पाळी!”

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच अडलं. माणसाचे दोन डोळे बहुधा अगदी सारखे नसतात. तो फरक मिटवायला माझ्या उजव्या नळीवर एक फिरतं कडं आहे. काकांना स्वच्छ दिसायचं ते कडं बरोबर मध्यावर असताना. काकूंना मात्र ते बरंच डावीकडे फिरवावं लागे. दर वेळी जागा शोधत बसायला नको म्हणून त्यांनी आपल्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका तिथे दिला. मला इकडून तिकडे द्यायचं म्हणजे आधी कडं फिरवायचं, ही आमची रीतच झाली. त्यावरून रुसवेफुगवेही होत.

“तुमचं कडं फिरेपर्यंत खंड्या मासा गिळून, ढेकर देऊन गेलासुद्धा!” काकू म्हणायच्या.

एकदा आम्ही परदेशीही गेलो. समुद्रात एक बेट होतं. त्याच्या उभ्या कड्यावर हजारो पक्षी दाटीवाटीने घरटी करून बसले होते. काकांची मुलगी, म्हणजे आपली ताई, तेव्हा सात वर्षांची होती. तिने मला डोळ्यांना लावलं आणि किंचाळलीच. “आई, तो माझ्याकडेच बघतोय गं!” मला वाटलं, आपण याचसाठी घडलो.

मग एका हिवाळ्यात काकू आजारी पडल्या आणि तीन आठवड्यांत गेल्या.

मी दाराजवळच्या खुंटीवर लटकत राहिले. माझ्या काचांवर धुळीची साय धरली. शेजारी काकूंची छत्री होती. तीही कुणी काढली नाही. ताई लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. घरात काका एकटेच, आणि त्यांच्या चपलांचा आवाज.

आठ महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला खाली काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि आम्ही लपणात गेलो. ते आपल्या नेहमीच्या जागी बसले. डावीकडची जागा मोकळी ठेवली. दोन मिनिटं त्यांनी पाणी पाहिलं. मग कडं लाल ठिपक्यावर आणलं आणि मला डावीकडे, काकूंच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरून ठेवलं.

“घे, तुझी पाळी,” ते हळूच म्हणाले.

समोर टिबुकल्या बुडी मारत होत्या, निघत होत्या. माझ्यातून सगळं लख्ख दिसत होतं आणि माझ्यामागे डोळेच नव्हते. मित्रांनो, वापरात असूनही रिकामं असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर दर रविवारी हेच चाललं.

पुढच्या वर्षी मला एक वेगळंच जाणवू लागलं. काकांची मध्यावरची जागा सरकत होती. आधी केसभर, मग बोटाच्या पेरभर. त्यांच्या उजव्या डोळ्यात काहीतरी बदलत होतं. एका सकाळी ते कडं फिरवत फिरवत थेट लाल ठिपक्यावर पोचले आणि थांबले.

“अगं!” ते त्या मोकळ्या जागेकडे वळून म्हणाले. “आज मला तुझ्याच ठिपक्यावरून दिसतंय!”

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मला मात्र धडकी भरली. ते आजाराला सोबत समजत होते.

पुढे तर कडं आणखी डावीकडे न्यायला हवं होतं. त्यांनी नेलं नाही. ठिपका सोडायला ते तयार नव्हते. उजवीकडे धुकं झालं तरी चालेल, म्हणून ते डाव्या डोळ्यावर भागवू लागले. डोकं दुखलं की गोळी घेऊन गप्प बसायचे. ताईला सांगितलं तर ती पाणथळीवर एकटं जाऊ देणार नाही, ही एकच भीती. पाणथळ सुटली की काकूंची पाळीही सुटली.

लपणात एक नोंदवही असते. कोणता पक्षी दिसला, किती दिसले, हे त्यात लिहायचं. काकांनी लागोपाठ तीन रविवार लिहिलं, ‘पाणकावळा, एक, पंख वाळवत.’

चौथ्या रविवारी राखणदार म्हणाला, “काका, तुमचा पाणकावळा जागचा हलेना. पंख वाळवतोय की पेन्शन खातोय?”

तो एक खुंट होता. त्यावर फाटकं पोतं अडकलं होतं. लपणातले सगळे हसले आणि सगळ्यांत मोठ्याने हसले काका. घरी आल्यावर त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि जेवणसुद्धा वाढून घेतलं नाही. राखणदार मात्र हसून विसरला नाही. म्हणूनच ताई पिलूला घेऊन पाणथळीवर आली, तेव्हा त्याने तिला डोळ्यांचं ते सांगितलं.

ताई बेफिकीर होती असं कुणी समजू नका. उलट, इतकी काळजी करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पिलू शिंकलं तरी ती तापमापक काढायची. पिलू झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का बघायची. द्राक्षाचे चार तुकडे करायची. पण नजर म्हटलं तरी एकच असते. ती सगळीच्या सगळी पिलूवर खर्च होत होती. बाबांना ती फोनवर विचारायची, “बरे आहात ना?” आणि बाबा म्हणायचे, “मला काय धाड भरलीय!”

तिने मला दुरुस्तीला नेलं. दुरुस्तीवाल्याने खालीवर पाहून मला परत दिलं. “ठणठणीत आहे. उगाच उघडायला लावू नका.” ताईला बरंच वाटलं. दुर्बीण ठीक असेल तर बिघाड दुसरीकडे असणार, हे तिच्या मनात आलं नाही.

त्या उन्हाळ्यात ती म्हणाली, “बाबा, आईबरोबर गेलो होतो ना, त्याच बेटावर जाऊ या. पिलूलाही दाखवू.”

आम्ही गेलो. तेच बेट, तोच कडा, तोच कलकलाट. काका कठड्याला टेकून उभे राहिले आणि मला डोळ्यांना लावलं.

“बाबा, दिसतायत ना?” पिलूला सांभाळत ताईने विचारलं.

“व्वा! अगदी होतं तस्सं आहे सगळं!”

अर्धा तास ते बघत होते. मग पिलूने माझ्या पट्ट्याकडे हात पसरले. “आणा इकडे, आधी मी बघते,” म्हणत ताईने मला घेतलं आणि डोळ्यांना लावलं. उजवीकडे मिट्ट काळोख. तिने मला उलटं करून पाहिलं. माझ्या उजव्या नळीवरचं झाकण तसंच होतं. सकाळपासून काढलेलंच नव्हतं.

“बाबा, हे झाकण?”

“कसलं झाकण?”

ताईने पिलूला कडेवर घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने काकांचा डावा डोळा झाकला.

“आता मी दिसते?”

वर पक्षी ओरडत होते.

“उजेड दिसतो,” काका म्हणाले. “तू कुठे आहेस ते आवाजावरून कळतं.”

“कधीपासून?”

“ठिपक्यावर आलो होतो मी. तुझ्या आईच्या. मला वाटलं...”

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ताईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून डोळ्याचा दाब वाढला होता आणि आतली नस गेली होती. “वर्षभर आधी आणलं असतं तर वाचला असता,” डॉक्टर म्हणाले. ताईच्या पिशवीत पिलूचा तापमापक होता. तो ती मुठीत धरून बसली होती. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरत होता. त्याचं ऑपरेशन वेळेवर झालं. तेवढा राहिला.

आता रविवारी आम्ही पुन्हा लपणात जातो. ताई आणि पिलू बरोबर असतात. काका डाव्या डोळ्याने बघतात. उजव्या नळीचा त्यांना काही उपयोग नाही. परवा ताई म्हणाली, “बाबा, ते कडं आता कशाला जपता?”

“राहू दे तिथेच,” काका म्हणाले. “आता पाळी लावायला नको. अर्धी माझी, अर्धी तिची.”

कडं लाल ठिपक्यावरच आहे. उजवीकडून मी अजूनही सगळं स्वच्छ दाखवते. बघायला कुणी नसतं. तरी दाखवते.

मित्रांनो, माझ्या काचा पुसा, मला ओलीत ठेवू नका, हे मी सांगत नाही. माझं माझं बरं चाललंय. पण लपणात भेटेल त्याला ताई एक गोष्ट सांगते, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी असं एक माणूस असेल, जे विचारलं की लगेच ‘ठीक आहे’ म्हणतं. त्याला फोनवर विचारू नका. जवळ जाऊन बसा. आपल्या तळव्याने त्याचा आधी एक डोळा झाका, मग दुसरा. आणि दोन्ही वेळा विचारा, “सांगा बघू, समोर काय दिसतंय?”

उत्तर येईपर्यंत हात काढू नका.