फणीतले दोरे

“अव्वा, बघा कसा चकाचक केलाय तुमचा माग!”

सरकारी दवाखान्यातून बीपीच्या गोळ्या घेऊन मी नुकतीच उंबऱ्यात टेकले होते. गुडघे बोलत होते. साईनाथ घामाघूम, पण खुशीत. आम्हा तेलुगू विणकरांना बिलोलीत येऊन शंभर वर्षं झाली, म्हणून समाजाच्या सभागृहात माग मांडायचा, हे त्याच्याच डोक्यातलं. त्यासाठी बिचारा आपलं मोबाईलचं दुकान बंद ठेवून आला होता. घराची किल्ली मीच त्याला देऊन गेले होते.

आत पाहिलं. मागाच्या फणीत, उभे दोरे ओवतात त्या कंगव्यात, एकही दोरा नव्हता.

“दोरे कुठं हायत रे?”

“कापले की. माग अख्खा दारातून निघंना, सुटा करायचा तर दोरे मधी येत होते. अन् लई मळले होते, अव्वा. उद्या नवी रंगीत लोकर लावून देतो, फोटोत झकास दिसंल.”

“इचारायचं तरी, मुडद्या!”

“कसं इचारू? फोन बी घरीच ठिवला की तुम्ही.”

खरंच, फोन गॅसजवळ पडला होता.

आता ह्याला काय सांगू? आमच्यात माग कधी रिकामा करत नाहीत. कापड उतरलं तरी दोऱ्यांची टोकं फणीत तशीच ठेवायची. नवा ताणा, म्हणजे उभे दोरे, आला की त्याचा एकेक दोरा जुन्या टोकाला बांधायचा. माझ्या आजेसासऱ्यांनी तेलंगणातलं निर्मळकडचं गाव सोडलं तेव्हा लाकडं तिथंच टाकली. फणी आणि तिच्यातली टोकं तेवढी धोतरात गुंडाळून डोक्यावर आणली. बिलोलीतला पहिला ताणा त्याच टोकांना बांधला. पुढं दोरे बदलत गेले, पण जोड कधी तुटला नाही. पन्नास वर्षं त्या गाठी मी मारल्या, एका ताण्याला दोन हजार. मालक गेले, माग थांबला, तरी टोकं मी सांभाळली. कशासाठी, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

फणी अलगद सोडवली असती तर कात्रीची गरजच नव्हती. पण हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते, आणि मी गोळ्यांच्या रांगेत.

बाहेर माग न्यायला आलेला टेम्पोवाला त्याच कापलेल्या मूठभर दोऱ्यांनी हात पुसत होता. असा संताप आला म्हणता! पण ओरडायलाही अंगात त्राण लागतं. आणि पोरगं वाईट नाही हो. समाजासाठी आजकाल एवढं तरी कोण करतं?

साईनाथनं खिशातून कागद काढला.

“अव्वा, मागाजवळ पाटी लावायचीय. तुमचे आजेसासरे इकडं आले तवा संगं काय आणलं होतं?”

पेन उघडून तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. लहानपणी माझ्याच अंगणात खेळलेला पोरगा. खरं सांगितलं असतं तर जन्मभर मनाला लावून घेतलं असतं त्यानं.

“कायबी न्हाई,” मी म्हणाले. “रिकाम्या हातानं आले, असं लिही.”

त्यानं ते सुबक अक्षरात लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.