रेमीच्या भाषणातली मी

माझी एक मैत्रीण फिलिपिन्समध्ये नावाजलेली वकील आहे आणि नऊ वर्षं तिथल्या एका शहराची नगराध्यक्ष होती, असं मी सांगितलं की आमच्या गावात लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. त्यांचंही बरोबर आहे. मी नवापूर तालुक्यातली, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या गावची रिटायर नर्स, सुसाना गावित. माझी ओळख फार तर नंदुरबारच्या झेडपीपर्यंत असावी.

रेमी मला सत्त्याण्णव साली कुवेतमध्ये भेटली. एका खाजगी दवाखान्यात मी नर्स होते आणि ती मदतनीस. राहायला एकच खोली, त्यात आम्ही चौघी: दिल्लीकडच्या दोघी, रेमी आणि मी. पहिल्याच आठवड्यात रेमीने सुकी मासळी तव्यावर टाकली. दिल्लीवाल्या नाक दाबून बाहेर पळाल्या आणि मला घरच्या आठवणीने कडकडून भूक लागली. मी तांदळाच्या भाकरी थापल्या. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून ताटली चाटूनपुसून साफ केली. पावसाळ्यात आमच्याकडे बांबूच्या कोंबांची भाजी करतात असं मी म्हटलं, तर बाईने खरकट्या हातानेच मला मिठी मारली. त्यांच्याकडेही करतात म्हणे.

तिचं कायद्याचं शिक्षण दोन वर्षं झालं होतं. मग वडील अंथरुणाला खिळले आणि ती इकडे आली. येताना कायद्याचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आली होती. भात शिजेपर्यंत ते वाचायची. कंटाळा आला की पळी रोखून माझी उलटतपासणी घ्यायची, "साक्षीदार सुसाना, काल माझं लोणचं कुणी संपवलं?" मी म्हणायची, "साहेब, मला काही आठवत नाही." हसून हसून आमचा भात करपायचा. नंतर मी पगार कमावला, घर बांधलं, पुतण्याचं लग्न लावलं. पण सुखाचे दिवस कुठले असं कुणी विचारलं तर मी त्या करपलेल्या भाताचेच सांगेन.

दुसऱ्या वर्षी एका सफाईवाल्या नेपाळी बाईची आई वारली. तिला घरी जायचं होतं आणि तिचा पासपोर्ट दवाखान्याच्या ऑफिसात कुलपात. मॅनेजर म्हणे, इथे कुणाचे पासपोर्ट नाहीतच. रेमी भडकली. तिने कामगार ऑफिसात तक्रार ठोकली. पण कपाटातले पासपोर्ट डोळ्यांनी बघितले होते फक्त मी. औषधांचा साठा तपासताना मॅनेजरने माझ्यासमोर ते कपाट उघडलं होतं. रेमी म्हणाली, "मंगळवारी माझ्याबरोबर चल. बघितलंस तेवढंच सांग." मी म्हटलं, "येते."

गेले नाही. मंगळवारी सकाळी मी कुणी न सांगता जादा ड्युटी लावून घेतली. माझा व्हिसा त्याच महिन्यात वाढणार होता आणि गावाकडच्या घराच्या भिंती अजून लिंटेलपर्यंतही आल्या नव्हत्या. कारणं खरी होती, पण सगळ्यात खरं कारण म्हणजे मी घाबरले.

नेपाळी बाईला पासपोर्ट मिळाला. रेमीला महिन्याभरात परत पाठवलं. जाताना ती मला एक शब्द बोलली नाही असं नाही. उलट फारच गोड बोलली, आणि ते मला जास्त लागलं. त्या मंगळवारी काय झालं हे मी तिला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पुढचं सगळं तिच्या पत्रांतून कळत गेलं. दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजात तिने कायदा पुरा केला. वकिलीच्या परीक्षेत एकदा आपटली, दुसऱ्यांदा पास झाली. परदेशी फसलेल्या बायकांचे खटले चालवता चालवता लोकांनी तिला नगरपालिकेत नेलं, मग नगराध्यक्ष केलं, लागोपाठ तीनदा. पत्रांच्या जागी मोबाइल आला तेव्हा विनोदने, माझ्या पुतण्याने, तिच्या एका भाषणाचा व्हिडिओ मला लावून दिला. भाषा कळेना. मधेच "सुसाना" ऐकू आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मी सांगते की कामगार ऑफिसात दोघी उभ्या होतो. मी आणि भारतातली सुसाना."

मी ते खोडून काढलं नाही. खरं सांगते, मला ते आवडलं. प्रत्येक निवडणुकीत मी तिथे उभी राहत होते आणि टाळ्या घेत होते. इथे घरात बसून.

या वर्षी ती प्रांताच्या गव्हर्नरपदाला उभी राहिली. समोरच्या पार्टीने आरोप केला की ही सुसाना कुणी नाहीच, सगळी बनवाबनवी आहे. एप्रिलमध्ये तिच्या ऑफिसातून एक इंग्रजी कागद आला. त्या मंगळवारी मी रेमीसोबत हजर होते, असं प्रतिज्ञापत्र. नोटरी करून चार दिवसांत पाठवा. खाली रेमीच्या दोन ओळी: "तुला जमेल का, सुसाना? नाही जमलं तर मी हरेन, पण रागावणार नाही."

विनोद म्हणाला, "आत्या, एक सही तर आहे. तिथे कोण बघायला येतंय?" मी पण स्वतःला तेच समजावलं. एकदा बुडवलं होतं, आता तरी उपयोगी पडू. मोटरसायकलवर मागे बसून नवापूरला गेले.

नोटरी वकील शकील मन्यार मूळचे शहाद्याचे. त्यांची एक खोड सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. कागद ते आधी स्वतः समजावून सांगतात, मग सही करणाऱ्याकडून त्याच्या तोंडाने वदवून घेतात. त्याशिवाय शिक्का उचलत नाहीत. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत आहे. अंगठेबहाद्दरांच्या जमिनी न समजता उठवलेल्या अंगठ्यांवर गेलेल्या त्यांनी बघितल्या होत्या. लोक वैतागतात, घाईत असले तर दुसरीकडे जातात. मीही जायला हवं होतं.

शकीलभाईंनी चष्मा लावून कागद वाचला आणि अर्थ सांगितला. मग अहिराणीत म्हणाले, "सिस्टर, आते तुम्हना तोंडघाई सांगा. त्या रोज तुम्ही तठे व्हतात का?"

मी म्हटलं, "कागदात लिहिलंय ना. मला इंग्रजी येतं."

"कागदले काय तोंड शे? तुम्ही सांगा."

बाहेर स्टॅम्पवाल्याकडे गर्दी होती, विनोद घड्याळ बघत होता. मी चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडायला लावून औषध पाजलंय, पण त्या दिवशी माझंच तोंड उघडेना. दोनदा खोकले. मग म्हणाले, "मी नव्हते."

विनोदने कपाळाला हात लावला. शकीलभाईंनी काही टोमणा मारला नाही. कागद बाजूला सारला, टायपिस्टला कोरा स्टॅम्प लावायला सांगितला आणि विचारलं, "मंग काय लिखू?"

मी सगळं सांगितलं. कपाट, पासपोर्ट, जादा ड्युटी, भीती. त्यांनी लिहिलं, परत माझ्याकडून वदवलं आणि शिक्का मारला. विनोदने तिथूनच स्कॅन करून पाठवलं. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, मी तिला दुसऱ्यांदा बुडवलं. मी रडले. लपवत नाही.

उत्तर आलं नाही. मे महिन्यात निकाल लागला आणि रेमी हरली. त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. केस पांढरे, घरातला साधा झगा.

मी म्हटलं, "माझ्यामुळे."

"गप बस," ती म्हणाली. "तुझा कागद मी स्वतः शेवटच्या सभेत वाचला. एकही टाळी पडली नाही." मग थोडा वेळ ती स्क्रीनकडे न बघता बोलली. "तू आली नव्हतीस हे मला ठाऊक नव्हतं का? पण एकटी होते असं सांगायला गेले की आजही मला त्या दिवसाचीच भीती वाटते, सुसाना. भाषण पुढे जायचंच नाही. म्हणून तुला शेजारी उभी केली. मग बोलता यायला लागलं. सगळी वकिली, सगळं राजकारण मी तसंच केलं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती माझी लाज झाकतेय.

माफी मागणं मी बाजूला ठेवलं. विनोदच्या बायकोला, सुषमाला, हाक मारून मी फोन भिंतीला टेकवून ठेवायला सांगितला आणि समोर पाटावर बसले. "रेमी," मी म्हटलं, "त्या मंगळवारचं सांग. सकाळी उठल्यापासून."

तिने खुर्ची पुढे ओढून घेतली. मग म्हणाली, "आधी मी खोलीच्या दारात तुझी वाट बघितली. पाऊण तास."

"हं," मी म्हटलं. "मग?"