खंडेनवमीला टांगलेला ओळंबा

मी एक जुना पितळी ओळंबा आहे आणि स्वभावाने भारी काळजीखोर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी ओळंबा पाहिला असेल? भोवऱ्यासारखा एक जड गोळा आणि त्याला बांधलेली दोरी, एवढाच माझा संसार. गवंडी मला भिंतीच्या वरच्या टोकापासून खाली सोडतो. मी थोडा वेळ डोलतो, मग स्थिर होतो. माझ्या दोरीशी जुळेल ती भिंत सरळ. पण सरळ काय ते कळायला लागले की वाकडे लगेच डोळ्यात खुपते. लोकांचा जीव कधीमधी टांगणीला लागतो, माझा तर जन्मापासूनच लागलेला आहे.

नाशिकच्या तांबट आळीत मी घडलो. मला घडवून घेणारे गवंडी म्हणजे माझा आताचा धनी कोंडाजी, त्याचे आजोबा. त्यांना जुन्या इमारती पाहण्याचा नाद होता. काम नसले की मला खिशात टाकून निघायचे. पांडवलेणी पाहून ते मला म्हणाले, "इथं तुझं काय काम रं? हे तर डोंगरातनं कोरून काढलंय." सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात दगडावर दगड खाचा पाडून असे बसवलेले, की मध्ये चुन्याची गरजच नाही. काळाराम मंदिराचा काळा दगड पाहताना तर त्यांनी नुसतेच हात जोडले. पेशव्यांच्या सरकारवाड्यात खाली दगड, वर विटा आणि सागवानाचे खांब. इंग्रजी अमदानीत पुलांना आणि कचेऱ्यांना दगडी कमानी आल्या. प्रत्येक काळाने हाताशी होते ते घेतले आणि आपल्या पद्धतीने रचले.

आजोबा स्वतः चुन्यात बांधायचे. चुना बैल जुंपलेल्या घाणीत दगडी चाकाखाली मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालायचे, मग तो मुरू द्यायचा. चुन्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडून देते. पंचवटीतल्या एका लहानशा धर्मशाळेची भिंत त्यांनी अशीच बांधली. तिचा प्रत्येक थर मी पाहिला आहे. ती माझी सगळ्यात लाडकी भिंत.

मग सिमेंट आले. कोंडाजीच्या वडिलांनी लोखंडी सळ्यांचे खांब उभे केले. पूर्वी भिंत इमारत उचलायची, आता खांब उचलू लागले आणि भिंत नुसता आडोसा झाली. आता कॉलेज रोडला तर काचेच्याच भिंती आहेत. सिमेंटला मी नावे ठेवत नाही. त्याने धरणे बांधली, पूल बांधले. पण कोंडाजीने भिंतीवर उजेडाची सरळ लाल रेघ मारणारे यंत्र आणले आणि मी पेटीच्या तळाशी गेलो, याचे मात्र वाईट वाटले. वाटणारच की!

गेल्या वर्षी कुंभमेळ्याच्या तयारीत त्या धर्मशाळेला नवे रूप द्यायचे ठरले. व्यवस्था पाहणाऱ्या सरोजिनीताईंना घाई होती. चुना मुरायला वेळ कुठला? कोंडाजीने आजोबांच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा केला आणि वर गुलाबी रंग दिला. भिंत छान दिसू लागली. पण वरून छताचे पाणी मुरत राहिले आणि खाली बाहेर पडायला त्याला वाट उरली नाही.

यंदा कोंडाजी तिथेच अंगणात न्हाणीघरे बांधत होता. खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि दसरा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. कोंडाजीने धर्मशाळेच्या आत थापी, छन्नी, हातोडा पाटावर मांडले. मला जुना मान म्हणून आजोबांच्या त्याच भिंतीतल्या उंच खुंटीवरून सोडले आणि दोरीला झेंडूची माळ बांधली. भिंत आणि माझ्या दोरीत सहज बोट जाईल एवढी फट होती. किती वर्षांनी मी त्या भिंतीपुढे होतो! आनंदाने डोळे भरून पाहिले, आणि तिचा मधला भाग फुगलेला दिसला. भिंतीला पोट आले होते.

त्याच भिंतीला टेकून वणीच्या गडावर देवीसाठी पाण्याची कावड घेऊन निघालेल्या बाया विसावल्या होत्या. दुपारी ती फट कमी झाली. कोंडाजी पुरणपोळी जेवत होता. मी ओरडू शकत नव्हतो. हलूही शकत नव्हतो, आणि ओळंब्याने हलायचे नसतेच. ऊन कलले तेव्हा भिंत माझ्या दोरीला टेकली आणि झेंडू चेंगरले.

बायांमधली झुंबरबाई उठून हत्यारांच्या पाया पडायला आली. ती थबकली. "भाऊ, सकाळी हा गोळा मोकळा लोंबत व्हता. आता दोरी भितीला कशी चिकटली?"

कोंडाजीने वळून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "समद्या बाहेर व्हा! कावडी ऱ्हाऊ द्या, आधी तुम्ही निघा!"

सरोजिनीताई धावत आल्या. "अहो, आज हत्यारं उचलायची नाहीत ना? दसरा होऊ द्या, मग बघू."

"ताई, भित दसऱ्याची वाट बघणार नाय," कोंडाजी म्हणाला. त्याने पाटावरच्या हळदीकुंकवासकट छन्नी-हातोडा उचलून कपाळाला लावला. अंगणात स्लॅबसाठी ठेवलेल्या लाकडी बल्ल्या आणून त्याने आणि त्याच्या माणसांनी भिंतीला टेकू दिले. मग पायथ्याचा गिलावा फोडला. आतून गढूळ पाणी वाहू लागले. "आज्यानं चुन्यात बांधली आन् मी वरनं सिमेंट फासलं," तो पुटपुटत होता. तेवढ्यात टेकू नव्हता त्या कोपऱ्यातले दगड धाडकन खाली आले. झुंबरबाई दुपारभर तिथेच बसली होती. तिची कावड मोडली. ती मात्र आता अंगणात उभी होती आणि दारातून माझ्याकडे पाहत होती.

आता ती भिंत पुन्हा चुन्यात बांधली जात आहे. मी रोज तिच्यापुढे लटकतो. माझी काळजी मात्र गेलेली नाही. शहरात जिकडेतिकडे जुन्या भिंतींवर नवे रंग चढत आहेत, आणि आत काय चालले आहे ते कोणी पाहत नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. तुमच्या गावच्या जुन्या भिंतीला नटवण्याआधी ती कशाने बांधली आहे ते विचारा. तिच्यापुढे कोणाला तरी ओळंबा धरायला सांगा आणि थोडा वेळ तिथे थांबा. फट कमी झालेली दिसली तर गप्प बसू नका. भिंतीला ओरडता येत नाही आणि मलाही येत नाही. ओरडायचे तुम्हालाच आहे.