रद्दीचा नरसिंह

घाबरू नका, जबडा वासलेला असला तरी मी चावत नाही. मी नरसिंहाचा मुखवटा. धामणगाव बढे या गावाजवळच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी.

मला घडवलं वच्छलाबाईनं. शेतात राबणारी बाई. शाळा नाही, कुणी गुरू नाही. त्या वर्षी देवळातला जुना लाकडी मुखवटा वाळवीनं खाल्ला आणि चैत्रातली सोंगं तर आठ दिवसांवर आलेली. कुणाला न विचारता तिनं रद्दी भिजवली, चिंचोक्याची खळ शिजवली आणि पालथ्या मडक्यावर थर चढवले.

आधी माझं नाक गळून पडलं. मग जबडा. ती चिडली नाही. असं का झालं असेल, म्हणून मान वाकडी करून बघत बसली. पुढच्या खेपेला तिनं खळीत मेथी कुटून घातली आणि मी टिकलो.

देवळात मला पाहताच गावचे पंच किसनराव उखडले. "नरसिंह, अन् बाईच्या हातचा? जमत नाही!"

सगळे शेषरावांकडे बघू लागले. वीस वर्षं हे सोंग तेच घेत. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि दाराशी उभ्या वच्छलाबाईला विचारलं,

"तुले कोनं शिकवलं व?"

"कोनीच नाही, मामाजी."

"सिंह पाह्यला कधी?"

"नाही. आमचा बोका पाह्यला, जांभई देते तवा."

लोक हसले. शेषरावांनी मात्र मला तोंडावर चढवलं. माणसाचा ऊन श्वास मला पहिल्यांदाच कळला. डफडं वाजलं, ते एक फेर नाचले आणि आतूनच बोलले, "किसनराव, याच्यात दम घेता येते. त्या लाकडात वीस वर्सं कोंडून राह्यलो होतो, कोनाले सांगतलं नाही. मी हाच घालतो. नाहीतर दुसरा नरसिंह पाहा."

किसनराव बाजूला सरकले. वच्छलाबाईनं मिशांखाली ठेवलेली दोन भोकं तेव्हा कुठं लोकांनी वाकून पाहिली.

पुढं पार रोहिणखेड गावाकडूनही माणसं मुखवटे करून घ्यायला तिच्याकडे येऊ लागली. ती प्रत्येकाला म्हणायची, "मले येत नाही, करून पाह्यतो."

आता दहा-बारा वर्षांत माझा रंग उडालाय, गालाला चीर गेलीय. मी देवळात खुंटीवर असतो, भिंतीकडे तोंड करून. हल्ली वच्छलाबाई मोराचा मुखवटा करायचा म्हणून मोर बघत रानोमाळ हिंडते म्हणे. तो मुखवटा देवळात येईल तेव्हा कसा उतरलाय, ते मला पाहायचंय. तेवढं माझं तोंड दाराकडे फिरवाल का?