आठशे माणसांचा बूया

आमच्या ग्रीन बे शहरातल्या गोदामातून आसपासच्या शाळांना, इस्पितळांना आणि वृद्धाश्रमांना किराणा जातो. त्यांच्या मागण्या स्कॅन होऊन आमच्या सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये येऊन पडायच्या. मी आणि मार्ज एकेक फाईल उघडायचो, वाचायचो आणि मागणी टाईप करायचो. हे वाचणं हाच सगळ्यात मोठा दोष आहे, असं आमचे साहेब ब्रेंट वॉटर्स यांना मिलवॉकीच्या एका परिषदेत कळलं.

परतले ते सॉफ्टवेअर घेऊनच. फोल्डरमध्ये फाईल पडली रे पडली की ते ती उचलणार, वाचणार, मागणी तयार करणार आणि थेट गोदामात धाडणार. माणसाचा हात म्हणून लागायचा नाही.

"आणि डोळा?" मार्जने विचारलं.

"डोळ्याचीच तर सगळी भानगड आहे. डोळा थकतो. हे अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे."

"उरलेले दोन टक्के कोण बघणार?"

"तुला नेहमी वाईटच कसं गं दिसतं?"

मार्जची बदली ग्राहक-आनंद विभागात झाली. म्हणजे शिव्या खायला फोनवर. मला संगणकाचा एक पडदा मिळाला. त्यावर हिरवा दिवा लागला की सगळं ठीक, आणि तो कायम लागलेलाच असायचा.

ऑगस्टमध्ये डेल्फीन शार्लियरने एक कागद स्कॅन केला. ती वर उत्तरेला, द्वीपकल्पाकडच्या एका वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण. चर्चच्या जेवणासाठी तिला आपल्या वडिलांची बूयाची पाककृती मावसबहिणीला पाठवायची होती. आश्रमाच्या ऑफिसातल्या स्कॅनरचं एकच बटण तिला ठाऊक होतं, दर मंगळवारी आमच्याकडे मागणी पाठवायचं. तेच तिने दाबलं.

आता बूया म्हणजे काही वाटीभर आमटी नव्हे. मैदानात चुली मांडून, लोखंडी हंड्यांत, वल्ह्याएवढ्या पळ्यांनी ढवळायचा तो रस्सा. तेव्हा कागदावर होतं: कोंबडी दोनशे पौंड, गोमांस शंभर पौंड, कोबी आणि बटाटे पोत्यांनी, आठशे माणसांना पुरेल. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे मागणी केली. खाली तिच्या वडिलांनी लिहिलं होतं, "नॉर्बर्टला मिऱ्यांजवळ फिरकू देऊ नये." तेही मनावर घेतलं गेलं. आमचा नॉर्बर्ट नावाचा एक खाणावळवाला ग्राहक होता, त्याची मिरी त्याच दिवशी बंद झाली. त्याने फोन केला, आणि मार्जने त्याला आनंद दिला.

दुसऱ्या दिवशी डेल्फीनचा फोन आला. "जेरी, तुमचा ट्रक घेऊन जा बाबा! माझी चाळीस म्हातारी माणसं, त्यातल्या निम्म्यांना दात नाहीत. अख्खी गाय कुणी मागवली?"

ब्रेंटसाहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाई, मागणी तुमच्याकडूनच आली आहे."

"अहो, ती माझ्या वडिलांची पाककृती आहे!"

"मग त्यांच्याशी बोलावं लागेल."

"त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

"म्हणजे तुम्ही ग्राहकाची माहिती अद्ययावत केलेली नाही," साहेब म्हणाले.

पण ड्रायव्हरने माल उतरवून टाकला होता. फ्रीझरमध्ये मावला तेवढा मावला, बाकीचा व्हरांड्यात उन्हात घाम गाळत होता. एकदा उतरलेलं मांस परत घेता येत नाही. साहेब आणि मी गाडी काढून निघालो.

पोचलो तर वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये जत्रा भरलेली. डेल्फीनने चर्चमध्ये फोन फिरवून जेवण तिथेच हलवलं होतं. पिकअपमधून हंडे येत होते, म्हाताऱ्या खुर्च्या ओढून कोबी चिरत होत्या. साहेबांचा टाय बघून डेल्फीनने त्यांच्या हातात पळी दिली.

"आलाच आहात तर ढवळा."

"माझी मीटिंग आहे."

"असू दे की. तळाला लागलं तर आठशे माणसं तुमच्या नावाने बोटं मोडतील."

चाकाच्या खुर्चीतून क्लेमंट नावाचे आजोबा ओरडले, "अरे गोल गोल काय फिरवतोस, चहा आहे का तो? खालून वर घे!" एके काळी सगळ्या गावाचा बूया हेच करायचे. आता आश्रमात त्यांना काडेपेटीसुद्धा देत नसत. पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी साहेबांना असं राबवलं की बघतच राहावं, आणि आलेख दाखवल्याशिवाय कुणाचं न ऐकणारे साहेब निमूट खालून वर घेत होते. नंतर डॉक्टरांचं पथ्य धाब्यावर बसवून आजोबांनी तीन वाडगे रिचवले. साहेबांनी दोन, आणि टायला तोंड पुसलं.

येताना गाडी मी चालवली, साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. माणसाला उपरती झाली, असं मला वाटलं. मी जरा भाबडाच आहे.

सोमवारी त्यांचा अहवाल मुख्य कार्यालयात गेला: "यंत्रणेने ग्राहकाची न बोललेली गरज ओळखून वेळेत पूर्ण केली." वरचे लोक गहिवरले. आता सगळ्याच गोदामांत ते सॉफ्टवेअर बसतंय, आणि ब्रेंटसाहेब मिलवॉकीला बसून इतरांना शिकवतात.

डेल्फीनने स्कॅनरला हात लावणं सोडलं. ती मार्जला फोनवर मागणी सांगते, मार्ज कागदावर उतरवून घेते. पण फोल्डरमधून आल्याशिवाय मागणी आता मागणीच होत नाही. म्हणून मार्ज तो कागद स्कॅन करते, फोल्डरमध्ये टाकते, आणि यंत्र तो वाचतं. परवा त्याने तक्रार नोंदवली, की मार्जचं अक्षर फार वाईट आहे.