काठी कुणी वळवली?

रविवारी सकाळी आमच्या वारज्याच्या सोसायटीत बागेभोवती इतकी गर्दी होती, की मला वाटलं पाण्याचा टँकर आला. जाऊन पाहते तर मधोमध काठीवाले महाराज. अंगात भगवी कफनी, पायात महागडे स्पोर्ट्स शूज, हातात चांदीच्या मुठीची काठी. बाकापाशी काठी थरथरली आणि महाराजांनी डोळे मिटले.

"इथे आहे. लक्ष्मी रुसलेली नाही, नुसती लपलेली आहे."

सौरभने, म्हणजे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षाने, बाकाखालची माती उकरली. पाच रुपयांचं नाणं निघालं. घसरगुंडीच्या पायथ्याशी आणखी नाणी आणि पैंजणाचं घुंगरू निघालं. दुचाकींच्या पार्किंगमध्ये भिंतीच्या फटीत प्रियदर्शनीचा कानातला डूल सापडला, गेल्या दिवाळीत हरवलेला. ती तर तिथेच रडायला लागली.

"महाराज, हे एक्झॅक्टली वर्क कसं होतं?" सौरभने विचारलं. तो आयटीत आहे.

"बेटा, धातूला स्मृती असते. हरवलेली वस्तू मालकाला हाक मारत असते. तुमच्या कानाला ती फ्रिक्वेन्सी लागत नाही, काठीला लागते."

"ओके, म्हणजे वायफायसारखं," सौरभ म्हणाला आणि समाधानाने मान डोलावली. त्याला पगार किती आहे ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. भाऊ गोपाळकृष्ण आणि वहिनी पद्मजा यांच्याकडे राहते. हा तमाशा बघून मला हसू येत होतं, तेवढ्यात वहिनी गर्दीतून पुढे झाली आणि माझं हसू विरलं.

आमच्याकडे गणपतीला वाहायची सोन्याच्या दूर्वांची एक जुडी आहे. आईने स्वतःच्या पाटल्या मोडून करून घेतलेली. विसर्जनानंतर दागिने बँकेत ठेवायला काढले तेव्हा ती डबीत नव्हती. वहिनीला रात्ररात्र झोप नव्हती. सासूबाईंनी विश्वासाने दिलेली वस्तू आपल्या हातून गेली, हे तिला सहन होत नव्हतं.

"घरात वावरणाऱ्या सगळ्यांना उभं करा," महाराज म्हणाले.

आम्ही उभे राहिलो: दादा, मी आणि यमुनाबाई. यमुनाबाई आमच्याकडे आणि सोसायटीतल्या आणखी काही घरी धुणंभांडी करायच्या. ओल्या हातांनीच त्यांना खाली बोलावलं. त्यांची सून सोनू, तीही इथल्याच घरांत कामाला, गर्दीत उभी राहून बघत होती.

काठीचं एक टोक महाराजांनी धरलं, दुसरं वहिनीच्या हातात दिलं. "माई, मनात वस्तू आणा आणि काठी नेईल तिकडे चला." काठी दादावरून गेली, माझ्यावरून गेली, यमुनाबाईंसमोर आली आणि थबकली. मग हळूच त्यांच्याकडे वळली.

गर्दीतून 'हं' असा आवाज आला. सगळ्यांना आधीपासून माहीत असल्यासारखा.

"म्या न्हाई घेतलं, बाई," यमुनाबाई वहिनीला म्हणाल्या. "गणपतीच्या वस्तूला हात कसा लावीन?"

"हा काय पोरखेळ आहे? पुरावा काय याला?" मी ओरडले. दादा म्हणाला, "तू गप्प बस. सगळं तुझ्या पुस्तकात नसतं." वहिनी जमिनीकडे बघत होती. दुपारपर्यंत सोसायटीच्या ॲपवर यमुनाबाईंचं नाव लाल झालं. लाल नावाला वॉचमन गेटातून आत सोडत नाही. सोनूचंही झालं, सून म्हणून. एका काठीपायी दोघींची सगळी घरं गेली.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. गेटवरून भाजी आणायला जायचं म्हटलं तरी मान वर होत नव्हती.

पुढच्या रविवारी महाराज प्रत्येक फ्लॅटमध्ये काठी फिरवणार होते, दक्षिणा घेऊन. त्या सकाळी ते यायच्या आधी मी फरशी पुसायच्या मॉपची दांडी काढली आणि बागेत जाऊन उभी राहिले. हातात दांडी घेतलेली म्हातारी बघायला पुण्यात गर्दी जमतेच.

"मला काहीही सिद्धी नाही," मी म्हणाले. "तरी नाणी काढून दाखवते."

क्लबहाऊसमधल्या सोफ्याच्या पाठीच्या खाचेत हात घातला. नाणी, एक अंगठी आणि कुणाच्या तरी गाडीची किल्ली निघाली. झोक्याखालची माती पायाने सारली, तिथे नाणं. वॉचमनच्या केबिनसमोर पायरीच्या सांदीत नाणं.

"हे कसं?" सौरभने विचारलं.

"माणूस बाकावर रेलून बसला की खिसा आडवा होतो. मूल घसरगुंडीवरून उलटं येतं. हेल्मेट ओढून काढताना डूल अडकतो, निसटतो आणि गाडीखालून भिंतीकडे घरंगळत जातो. सगळ्या जगात वस्तू याच ठिकाणी पडतात. शाळेच्या घसरगुंडीखाली मी आयुष्यभर मुलांची नाणी वेचून परत केली आहेत. महाराजांना एवढंच कळलंय, की खाली वाकून कुणी बघत नाही."

"पण ती काठी स्वतःहून वळली, ते आम्ही पाहिलं," प्रियदर्शनी म्हणाली.

"सौरभ, इकडे ये. दांडीचं हे टोक धर. इथल्या एका माणसाचं नाव मनात आण, बोलू नकोस. नुसता माझ्याबरोबर चाल."

मी त्याला जमलेल्या लोकांपुढून नेलं. त्याची बोटं ढिली होती तोवर चालत राहिले. बापूरावांसमोर त्याची मूठ आपोआप आवळली आणि पाऊल अडखळलं. मी दांडी तिकडे वळू दिली.

"बापूराव," मी म्हणाले.

सौरभचा चेहरा बघण्यासारखा झाला. बापूराव रोज त्याच्या जागेत गाडी लावतात. सगळे खो खो हसले.

"मी काहीच केलं नाही. मनात जो असतो त्याच्यापाशी धरणाऱ्याचा हात घट्ट होतो. त्याला स्वतःला ते कळत नाही, दुसऱ्या टोकाला मात्र लगेच कळतं."

हसू थांबलं. वहिनी हसलीच नव्हती. ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

"म्हणजे मीच वळवली," ती हळू आवाजात म्हणाली. "वन्सं, मीच."

एवढ्यात महाराजांची गाडी गेटपाशी आली. त्यांनी गर्दी पाहिली, माझ्या हातातली दांडी पाहिली आणि काच खाली करून म्हणाले, "नास्तिकांच्या सावलीत काठी झोपते." मग गाडी आल्या वाटेने निघून गेली.

मी वहिनीला बाकावर बसवलं. "आता नाण्यांसारखंच दूर्वांचं शोधू. विसर्जनाच्या दिवशी मूर्तीवरचं सगळं कुणी उतरवलं?"

"मीच. आरती झाली, खाली ढोल वाजत होता, हे घाई करत होते. दोन्ही हातांनी हार, फुलं, दूर्वा एकदम उचलल्या…" ती थांबली. "आणि निर्माल्याच्या पिशवीत घातल्या."

सोन्याची जुडी खऱ्या दूर्वांमध्ये खोचलेली होती. आणि आमच्या सोसायटीचं निर्माल्य नदीत जात नाही, इमारतीमागच्या खताच्या खड्ड्यात जातं. आम्ही घरची गव्हाची चाळण आणली. वहिनीने पदर खोचला आणि स्वतः खत चाळायला बसली. कुणाला हात लावू दिला नाही. फुलं, पानं, खऱ्या दूर्वा, सगळ्यांची माती झाली होती. त्या काळ्या मातीतून शेवटी पिवळी जुडी वर आली. वहिनीने ती हातात घेतली आणि हमसून हमसून रडली. आनंदाने नव्हे.

संध्याकाळी आम्ही तिघं यमुनाबाईंच्या घरी गेलो. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. वहिनीने हात जोडले. "यमुनाबाई, चूक माझी होती. उद्यापासून कामावर या. आम्हाला माफ करा."

यमुनाबाईंनी रिकामे पेले उचलून ठेवले. मग म्हणाल्या, "माफीचं इथं काय काम हाय, बाई? इथल्या कुनाला म्या चोर वाटत न्हवते. काठी वळली तिथं सांगा. जेवढी मानसं तवा हुती, तेवढ्यांम्होरं."

वहिनीने लगेच ॲपवर सगळ्यांना बागेत यायचा निरोप टाकला. पुढच्या रविवारी सकाळी ती बागेत त्याच बाकापाशी उभी राहिली. यमुनाबाई आणि सोनू गेटाच्या बाहेरच थांबल्या. सगळ्यांसमोर सांगितलेलं कानावर आलं तरच आत येऊ, असं त्यांनी सांगितलं होतं.

नाणी बघायला अख्खी सोसायटी लोटली होती. माफी ऐकायला दादा, मी, प्रियदर्शनी आणि खाली मान घातलेला सौरभ. बाकीच्यांनी ॲपवर अंगठा दाखवला होता.

वहिनीने आम्हा चौघांकडे पाहिलं, मग रिकाम्या बागेकडे. दादा म्हणाला, "चल आता, झालं."

"झालं नाही," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली. तिने पहिल्या दाराची बेल दाबली. दार उघडलं. "मी पद्मजा. यमुनाबाईंनी चोरी केली नव्हती. दूर्वा मीच कचऱ्यात टाकल्या होत्या. काठीही मीच वळवली." मग पुढचं दार. गुडघे दुखतात तिचे, पण लिफ्ट घेतली नाही. यमुनाबाई गेटापाशी उभ्या राहून प्रत्येक मजल्यावरचा तिचा आवाज ऐकत होत्या.

तुमच्या घरात काही हरवलं, तर आधी स्वतःचे हात आठवा. मग सोफा बघा, केर बघा, निर्माल्य बघा. आणि कुणी काठी घेऊन दारात आला, तर तिचं दुसरं टोक हातात घेऊ नका. आमच्या वहिनीला ते सोडायला पाच मजले चढावे लागले.